बत्तीस इंची दार

तिला सगळे भट्टीबाई म्हणायचे, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. कपड्यांवर छपाई करायचा तो कारखाना म्हणजे एक लांबलचक हॉल. पुढे शटर, मधे छपाईची टेबलं आणि मागच्या भिंतीला एक लोखंडी पेटी. पेटी आतून तापलेली. तिच्या पोटातून जाळीचा पट्टा हळूहळू सरकायचा. या तोंडाला ओल्या शाईचा शर्ट ठेवायचा, त्या तोंडाला पक्क्या शाईचा उचलायचा. कागदोपत्री त्या पेटीला ड्रायर म्हणतात. पहिल्याच गिऱ्हाइकाने तिला भट्टी म्हटलं, आणि तिच्या शेवटच्या तोंडाशी एकोणीस वर्षं उभी राहिलेली बाई आपोआप भट्टीबाई झाली.

लोकांना वाटतं, छपाईत छापणारा हात मोठा. त्याला सगळे बघतात, त्याचे फोटो काढतात. भट्टीपाशी कोण जातो मरायला? पण खरी मेख तिथेच आहे. शाई वाळणं वेगळं आणि पक्की होणं वेगळं. वाळलेली शाई बोटाला लागत नाही, झकास चमकते, गिऱ्हाईक खुशीत घरी जातं आणि तिसऱ्या धुण्याला छातीवरचं नाव बादलीत तरंगतं. शाई पक्की व्हायची तर तिला आतपर्यंत एकशे साठ अंश ताप लागतो, आणि तोही मिनिटभर. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून भट्टीबाई शर्ट जरा निवू द्यायची, मग छपाई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणायची. भेग पडली की नापास, पुन्हा पेटीत. शंभरात एखादा नव्हे, एकूण एक शर्ट. बाजारातले बाकीचे छपाईवाले हसायचे. म्हणायचे, "बाई, एवढ्या तर बँकवाले नोटा तपासत नाहीत." ती पण हसायची, आणि पुढचा शर्ट ताणायची.

कारखाना दोघींचा होता. तिचा आणि तिच्या धाकट्या जावेचा. दोघी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. थोरला भाऊ, म्हणजे भट्टीबाईचा नवरा, सुतार. कमी बोलणारा, हातात कायम टेप नाहीतर पेन्सिल. धाकट्या भावाला मात्र कुठली नोकरी मानवली नाही. साहेब चांगला असला तर वेळ वाईट, वेळ चांगली असली तर साहेब वाईट. घर चालायचं ते सुतारकामावर आणि या दोघींच्या छपाईवर. सुरुवात स्वयंपाकघरात झाली होती. धाकटी ओट्यावर नक्षीच्या जाळीची फ्रेम ठेवून छापायची आणि थोरली इस्त्री फिरवून शाई पक्की करायची. जावा जावा उभा दावा असं जग म्हणतं. या दोघींनी जगाला खोटं पाडायचा विडाच उचलला होता. शेजारणी तर येऊन बघून जायच्या, भांडतात की नाही ते. नाही भांडायच्या. धाकटी तिला ताई म्हणायची. डबा एकच यायचा, दोघींना मिळून.

आता गोष्ट अशी झाली की भट्टी म्हातारी झाली. तिची डावी बाजू तापेनाशी झाली. भट्टीबाईला ते ठाऊक होतं. ती शर्ट उजवीकडे सरकवून ठेवायची, जाड कापड दोनदा फिरवायची. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यावं तसं तिचं चाललं होतं. मग एकदा भट्टीबाईला ताप आला, दोन दिवस ती घरी राहिली, आणि धाकटीने एकटीने पोहण्याच्या क्लबचे साठ शर्ट काढून दिले. महिन्याभरात क्लबचा माणूस पिशवी घेऊन दारात उभा. शर्टांवरचे आकडे केळीच्या सालीसारखे सुटून आले होते. भट्टीबाई धाकटीला एका शब्दाने बोलली नाही. पिशवी घेतली, साठच्या साठ पुन्हा छापून घेतले, ताणून पाहिले आणि दिले. त्या दिवशी संध्याकाळी शटर ओढताना ती एवढंच म्हणाली, "नवा ड्रायर घ्यायचा. आता पुढच्या पंधरा वर्षांचा विचार करून घ्यायचा, तुझ्या-माझ्या."

धाकटी म्हणाली, "घेऊ या की, ताई."

पंधरा वर्षं हा आकडा भट्टीबाईने उगीच नव्हता काढला. तिने मनाशी सगळं मांडून ठेवलं होतं. दोघींचे हात चालतील तोवर हॉल, मग एखादी मुलगी हाताशी घ्यायची, तिला शिकवायचं, आणि दोघींनी खुर्च्या टाकून बसायचं. तिच्या आयुष्यात याहून मोठं स्वप्न नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, नवरा मुलखाचा अबोल. दिवसाचे दहा तास ज्या माणसाबरोबर जात होते ती धाकटीच.

मग दोघी ड्रायर बघायला बाहेर पडल्या. विकणारे पहिल्यांदा रंगीत कागद हातात देतात, त्यावर हसणारी माणसं असतात. भट्टीबाईने कागद बाजूला ठेवले आणि पसरट खोक्यांतून, शाई पुसू नये म्हणून सुटे आणलेले आपले शर्ट काढले. पांढरे, काळे, एक जाड आतून मऊ लोकर असलेला. सगळे धाकटीने त्याच सकाळी छापलेले, शाई ओली. शिवाय तिच्याकडे त्या कागदी चिकटपट्ट्या होत्या, ज्यांच्यावरचा चौकोन ठरल्या अंशाला काळा पडतो. एक पट्टी शर्टच्या डाव्या खांद्याला, एक मधोमध, एक उजव्या बाजूला. शाई खोटं बोलेल, विकणारा तर बोलतोच, पट्टी बोलत नाही.

पहिला ड्रायर गॅसवरचा होता. दहा फुटांवरूनच त्याने दोघींच्या तोंडाला झळ मारली. त्याला धुरांडं लागत होतं आणि विकणाऱ्याची बडबड त्याच्याहून गरम होती. तो तिथल्या तिथे बाद झाला.

दुसरा मात्र बघताक्षणी तिच्या मनात भरला. विजेवरचा, आतली पेटी चांगली बारा फूट लांब, आत गरम वारा फिरता. लांब पेटीचा फायदा साधा आहे. पट्टा जोरात पळवला तरी शर्ट आत मिनिटभर राहतो. काम भरभर उरकतं आणि शाईही पक्की. तिन्ही पट्ट्या एकसारख्या काळ्या होऊन बाहेर आल्या. तिने शर्ट ताणले. काळा ताणला, पांढरा ताणला, तो जाडाही ताणला. कुठे भेग नाही. तिने मशीनच्या पत्र्यावर थाप मारली आणि विकणाऱ्याला न लपवता म्हणाली, "झालं माझं लग्न." खरेदीला गेलेल्या माणसाने असं कधी बोलू नये, पण तिला ताकाला जाऊन भांडं लपवता येत नव्हतं.

धाकटी मात्र हसली नाही. ती मशीनची रुंदी बघत होती.

तिसरा ड्रायर धाकटीनेच शोधलेला होता. आखूड. पेटी जेमतेम चार फुटांची, ताप फक्त वरून. भट्टीबाईने पट्ट्याचा वेग पाचावर ठेवून पांढरा शर्ट सोडला. वरून दिसायला एकदम तयार, ताणला तर मधे बारीक भेग. चारावर तेच. तिनावर आणला तेव्हा कुठे पट्टी काळी पडली आणि शाई टिकली. म्हणजे हा ड्रायर चालणार, पण गोगलगाईच्या चालीने. लांब ड्रायर तासाला जेवढं काम करील त्याच्या निम्मंही नाही.

"हा खेळण्यातला आहे गं," ती धाकटीला म्हणाली.

धाकटी तोवर विकणाऱ्याला विचारत होती, "हा सुटा होतो का? आणि घरातल्या विजेवर चालतो?"

भट्टीबाईला वाटलं, पोर काटकसरी आहे, विजेचा विचार करते. आपल्या माणसाबद्दल चांगलंच सुचतं, त्याला काय करणार.

आठवडाभर दोघींचं त्यावरच बोलणं चाललं. धाकटी आखूड सोडीना, थोरली लांब सोडीना. आणि मग एका दुपारी, डबा खाताना, धाकटीने खाली मान घालून म्हटलं, "ताई, एक बोलू? तुमचे गुडघे दुखतात ना हल्ली?"

भट्टीबाईचा घास हातातच राहिला.

"लांब मशीन घेतलं तर या टोकाला ठेवायचं आणि त्या टोकाला उचलायचं. गर्दीच्या दिवशी तुम्हाला एकटीला दोन्ही बघावं लागतं. वीस फूट जा, वीस फूट या. दिवसाला किती फेऱ्या होतील? तो लहान घेतला तर एका जागी बसून दोन्ही टोकं हाताशी येतात. काम कमी होईल, होऊ दे. तुम्ही उभ्या राहायला हव्यात की नाही पंधरा वर्षं?"

गुडघ्यांचं भट्टीबाईने कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं. लंगडणंही ती चोरून लंगडायची, म्हणजे शर्टांच्या ढिगाआड. भट्टीबाई थकली असं गिऱ्हाइकांत एकदा पसरलं की संपलं, असं तिला वाटायचं. आणि या पोरीने न सांगता ओळखलं होतं! तिला इतकं भरून आलं की ती उठून पाणी प्यायली, तहान नसताना. एकोणीस वर्षांत तिला आपल्या कामाबद्दल पुष्कळांनी शाबासकी दिली होती. आपल्या शरीराचा विचार करून कुणी मशीन निवडायला निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने आखूड ड्रायरच्या कागदावर सही केली. हातांची सगळी परीक्षा उलटं सांगत असताना केली. तिच्या कामातल्या आयुष्यात तिने जाणूनबुजून नापास मालाला पास केलं ते हे एकदाच, आणि ते प्रेमापोटी. फोन नंबर लिहायची वेळ आली तेव्हा धाकटीने आपला दिला. विकणारा म्हणाला, "बाईंचाही द्या. वेगाचं, तापाचं सगळं त्यांनीच विचारलंय, मेकॅनिकला लागेल." तिचाही लिहिला गेला.

मशीन सोमवारी यायचं होतं. शनिवारी धाकटीने सुट्टी घेतली. नवऱ्याबरोबर कुठे जायचंय म्हणाली. भट्टीबाई एकटीच हॉलमध्ये होती. मागच्या भिंतीपाशी तिने जागा झाडून घेतली, जुनी भट्टी कोपऱ्यात कशी सरकेल याचा अंदाज घेतला. अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"मॅडम, मी ड्रायर बसवायला आलोय. इथलं दार बत्तीस इंची आहे, मशीन चौतीस. पट्ट्याची बाजू पूर्ण सोडवावी लागेल. सोडवू ना? त्या दुसऱ्या मॅडम खाली गेल्यात, फोन लागत नाहीये त्यांचा."

"कुठलं दार?" भट्टीबाई म्हणाली. "अहो, आमच्याकडे शटर आहे. टेम्पो आत येतो."

"शटर नाही हो. पहिला मजला आहे. जिना केवढा अरुंद, आमचा जीव गेला चढवताना."

तिला आधी वाटलं, मेला चुकीच्या पत्त्यावर गेला. काळजीच वाटली तिला, मशीनची आणि त्याचीही. तिने पत्ता विचारला. त्याने सांगितला. चार गल्ल्या पलीकडे, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर. ती म्हणाली, "काही सोडवू नका, मी येते." शटर अर्धं ओढून ती निघालीसुद्धा. वाटेत ती धाकटीला फोन लावत होती, की अगं, बघ काय घोळ घातलाय यांनी.

जिना खरोखरच अरुंद होता. मधे एकदा थांबून तिने गुडघ्याला हात लावला, मग वर गेली. दाराशी ड्रायर तसाच उभा होता आणि मेकॅनिक घाम पुसत उभा होता. त्याच्या खांद्यावरून तिने आत पाहिलं.

आत खोली होती. नुकताच रंग दिलेली, एक खिडकी, भिंतीला फ्रेमा लावायची घडवंची, फळीवर शाईचे नवे डबे रंगानुसार मांडलेले. पांढरा डावीकडे, काळा उजवीकडे. धाकटी असंच मांडते. घडवंचीवर पहिलीच फ्रेम पोहण्याच्या क्लबची. मधोमध छपाईचं टेबल. नवंकोरं, लाकडाचा वास येणारं. त्याचे चारही कोपरे गोल केलेले होते.

तिचा नवरा टेबलाचे कोपरे गोल करतो. गिऱ्हाइकाने मागितले नाहीत तरी करतो. कारण फार वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलाचा कोपरा तिच्या कमरेत घुसला होता आणि महिनाभर तिथे काळंनिळं होतं. तेव्हापासून त्याच्या हातून टोकदार कोपरा निघालेला नाही. ती त्या टेबलाकडे बघत राहिली. मेकॅनिक काहीतरी विचारत होता, ते तिला ऐकू आलं नाही.

मागे जिन्यावर पावलं वाजली. धाकटी आणि तिचा नवरा वर येत होते, त्याच्या हातात स्क्रूची पुडी. वहिनीला बघताच तो "मी जरा वायर बघून येतो" म्हणाला आणि आला तसा उतरला. हा माणूस आयुष्यभर अशाच वायरी बघायला गेला.

धाकटी उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिने मान खाली घातली नाही.

"सांगणार होते, ताई. सोमवारी."

"सोमवारी काय सांगणार होतीस? मशीन आलं नाही म्हणून?"

"वाटणीचं सांगणार होते. हॉल तुम्हाला, टेबलं तुम्हाला, जुनी भट्टी तुम्हाला. मला एवढं एक मशीन. जास्त नाही मागितलं मी."

"मागितलंस कुठे?" भट्टीबाई म्हणाली. "मागितलं असतंस तर दिलं असतं. लांब मशीन घेऊन दिलं असतं, चांगलं मशीन! मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता."

"रडले असते. मग? रडून माणूस मरतं का?"

धाकटीने शाईच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं, जे आधीच बसलेलं होतं. मग ती बोलली, आणि बोलताना तिचा आवाज चढत गेला. "एकोणीस वर्षं मी छापते, आणि पास तुम्ही करता. एक शर्ट असा गेला नाही जो तुम्ही ताणून पाहिला नाही. माझ्यासमोर! रोज! गिऱ्हाईक आलं की विचारतं, भट्टीबाई आहेत का? क्लबचे ते साठ शर्ट गेले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं सगळं पुन्हा करून दिलंत. मला एक खोली हवी होती जिथे माझा शर्ट कुणी ताणणार नाही. बस."

त्यातलं काही खोटं नव्हतं. आपण शाई तपासतो असं तिला वाटायचं. धाकटीला तपासतो असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. हे एखाद्या दुपारी, डबा खाताना हिने म्हटलं असतं, तर कदाचित ती थांबलीही असती. कदाचित नसतीही. पण ज्याच्याशी भांडायचं त्याला भांडणाची खबर तरी द्यावी की नाही? हिने गोड बोलून केसाने गळा कापला होता.

"जायचं होतं तर जायचं होतंस," ती म्हणाली. "पण माझे गुडघे कशाला मधे आणलेस गं?"

धाकटीने इतका वेळ वर धरलेली मान इथे खाली गेली. तिने एकदा तोंड उघडलं, टेबलाकडे पाहिलं आणि मिटलं.

मेकॅनिक बिचारा या सगळ्यात उभा होता. आता त्याने घाईघाईने पट्ट्याची बाजू सोडवली, पेटी आडवी करून आत घेतली, जोडली, वायर लावली. भट्टीबाई निघून जाऊ शकली असती. पण ती तिथेच थांबली. मशीन गरम झालं. मेकॅनिकने तपासायला एक छापलेला शर्ट मागितला, धाकटीने दिला. पट्टा सुरू झाला आणि शर्ट आत गेला. त्याने वेग पाचावर ठेवला होता. कंपनी तसाच ठेवून पाठवते. शर्ट बाहेर आला, चमकता, देखणा. धाकटीने तो उचलला आणि हातात नुसता धरला.

भट्टीबाईचे दोन्ही हात पुढे झाले होते. तिने ते मागे घेतले, एकमेकांत धरले.

"तिनावर ठेव," ती मेकॅनिकला म्हणाली. "पाचावर धुण्यात जाईल."

त्याने धाकटीकडे पाहिलं. मालकीण कोण ते त्याला आता कळलं होतं.

"ठेवा तिनावर," धाकटी म्हणाली. ती शर्टाकडेच बघत होती.

भट्टीबाई जिना उतरली. खाली किल्ल्यांच्या दुकानाशी दीर सिगारेट ओढत होता. त्याने ती पाठीमागे लपवली, जणू लपवायला तेवढंच उरलं होतं. ती हॉलवर गेली नाही. अर्धं शटर तसंच राहिलं. ती सरळ घरी गेली.

नवरा घरी होता. शनिवारी तो दुपारपर्यंतच काम करायचा. खिडकीपाशी बसून करवतीचे दात घासत होता. तिने चप्पल काढली, आत आली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "किल्लीवाल्याच्या वरच्या खोलीतलं टेबल तुम्ही केलंत?"

त्याचा हात थांबला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. गप्प राहायची होती, आणि गेले काही महिने त्याने ती पुरेपूर वापरली होती.

"केलं," तो म्हणाला.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"त्याने येऊन सांगितलं. म्हणाला, दादा, हा शेवटचा आधार, बायकोच्या नावाने काहीतरी उभं राहू दे. काय सांगू त्याला? पाठचा भाऊ आहे. पायावर उभा राहिला तर बरंच की." त्याने करवत बाजूला ठेवली. "तुला सांगायचं धाडस झालं नाही. रोज ठरवायचो. तू एवढ्या हौसेने मशिनी बघत फिरत होतीस."

"आणि तुम्ही बघत होतात. मी सांगत होते, तुम्ही मान डोलवत होतात! लांब मशीन किती छान आहे, पट्ट्या कशा काळ्या झाल्या, रोज जेवताना सांगत होते. मूग गिळून बसला होतात समोर!"

"दार बत्तीसचं निघालं ना," तो हळूच म्हणाला. "मीच मोजलं होतं. लांब मशीन तिथे गेलंच नसतं. धाकटी घाबरली. म्हणाली, ताई तर लांबच घेणार, त्यांना कामातलं जास्त कळतं, मी कशी अडवू? रडकुंडीला आली."

तो थांबला. सांगावं की नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग इतके महिने न बोललेला माणूस नको तिथे खरं बोलला.

"गुडघ्यांचं मीच सुचवलं तिला. म्हटलं, त्यावर तुझी ताई नाही म्हणणार नाही."

भट्टीबाई खाली बसली. त्या खोलीत धाकटीने टेबलाकडे पाहून तोंड का मिटलं, ते तिला आता कळलं. निदान तेवढं तरी त्या पोरीने तिच्यासाठी झाकलं होतं.

गुडघे दुखतात हे तिने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. रोज संध्याकाळी दार लावून, पाय लांब करून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. तो न बोलता मलम चोळायचा. त्याचे हात खरबरीत होते, पण त्यांना नेमकी जागा ठाऊक होती. तिला वाटायचं, आपला हा माणूस बोलत नाही, पण आपलं गुपित याच्याकडे लोखंडी पेटीत ठेवल्यासारखं आहे. आणि त्याने ते काढून दिलं होतं, कसं वापरायचं तेही सांगून. भावासाठी दिलं, चांगल्यासाठी दिलं, धाक वाटला म्हणून दिलं. काहीही असो, दिलं होतं. जावेने फसवलं याचं तिला दुःख होतं. पण त्या दुपारी डबा खाताना ज्या शब्दांनी तिचं मन भरून आलं होतं ते शब्द तिच्याच नवऱ्याने मोजून कापून दिले होते, हे तिला सहन होईना. तिला रडायचं होतं आणि रडूही येत नव्हतं.

जिन्याची चढउतार आता अंगात उतरली होती. दोन्ही गुडघे ठणकत होते, उजवा तर नुसता पेटला होता. तिने नकळत त्याच्यावर हात ठेवला.

त्याने ते पाहिलं. तो उठला, फळीवरची मलमाची डबी घेतली आणि तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसला, रोज बसायचा तसा.

"दुखतायत का?" त्याने विचारलं.

तिने गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"नाही," ती म्हणाली.